एकच साथ, निरनिराळे कारभार

प्लेगच्या वर्षांचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे गणेशखिंडीच्या रस्त्यावर येऊन थांबते. २२ जून १८९७ ची रात्र, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी, परतणाऱ्या घोडागाड्या, रँड आणि आयर्स्ट यांच्यावर झाडलेल्या गोळ्या, आणि पुढे चापेकर बंधूंना झालेली फाशी. ही हकीकत शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते, आणि ती असावीच. परंतु ह्या एका रात्रीने प्लेगची बाकीची हकीकत झाकून टाकली आहे, अशी आमची तक्रार आहे. तोच रोग त्याच सुमारास मुंबईत होता, दमणला होता. पुढे तो कलकत्त्यास गेला, हुबळीस गेला, बंगळुरास गेला, आणि पंजाबात तर त्याने लक्षावधी माणसे नेली. इंग्रजी मुलखात कायदाही सर्वत्र एकच होता. मग पुण्यात सोजिरांच्या तुकड्या घरोघर का शिरल्या, आणि मुंबईत मात्र सरकारला महिनाभरात आपला पहिला हुकूम ढिला का करावा लागला, हा प्रश्न आम्हांला फार दिवस छळीत आला आहे. आम्ही डॉक्टर नव्हे, आणि कॉलेजची पायरीही आम्ही चढलेलो नाही. पण संघटनेच्या कामात जन्म गेल्यामुळे एक सवय जडली आहे. कोणताही सरकारी हुकूम निघाला, की तो कोणाच्या हातांनी चालणार आहे आणि कोणाच्या पाठीवरून जाणार आहे, हे आधी पाहावयाचे. तीच सवय घेऊन आम्ही प्लेगची हकीकत वाचीत गेलो.

आरंभ मुंबईपासून करणे भाग आहे. सप्टेंबर १८९६. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेला धान्याच्या वखारींचा भाग. खाली पोती, वर माणसे, मधल्या फळ्यांत आणि भिंतींत उंदीर. डॉ. आकासिओ गाब्रिएल व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. मांडवीतल्या रोग्यांना येणारा ताप आणि जांघेतल्या गाठी पाहून हा गाठीचा प्लेग आहे, असे त्यांनी उघडपणे सांगितले. असे सांगणे त्या दिवसांत सोपे नव्हते. मुंबईत प्लेग आहे असे एकदा जाहीर झाले, की परदेशच्या बंदरांत मुंबईची जहाजे अडकून पडणार, कापूस अडणार, धान्य अडणार. व्यापाऱ्यांना रोगाइतकीच रोगाच्या नावाची भीती होती. दोन वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये ह्याच रोगाने कहर केला होता, आणि मुंबईत तो समुद्राच्या वाटेने आला असावा असेच बहुतेक जाणकार मानतात.

६ ऑक्टोबरला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी हुकूम काढला. रोग्याला, त्याची किंवा घरच्यांची इच्छा असो वा नसो, इस्पितळात हलवावयाचे. घरात शिरून ते निर्जंतुक करावयाचे. आजाऱ्याच्या वस्तू नष्ट करावयाच्या. इस्पितळ म्हणजे आर्थर रोडचे, आज ज्याला आपण कस्तुरबा रुग्णालय म्हणतो ते. तिथे नेलेला माणूस बहुधा परत येत नसे, कारण तो नेला जाई तेव्हाच मरणाच्या दारात असे. पण चाळीतल्या माणसाने ह्याचा अर्थ वेगळा लावला, आणि आमच्या मते त्यात त्याचा अडाणीपणा शोधीत बसण्याचे कारण नाही. ज्या सरकारने आजवर त्याच्या गल्लीत नळ आणला नाही, गटार बांधले नाही, ते सरकार एकाएकी त्याच्या आजारी बायकोला उचलून न्यावयास गाडी पाठवते, तर त्याने काय समजावे? २९ ऑक्टोबरला हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले, आणि तिथे मारहाण व मोडतोड झाली. त्यानंतर तो हुकूम बराच सौम्य करण्यात आला.

दंग्यामुळे सरकार नमले, असे साधारणपणे लिहिले जाते, आणि ते खोटे नाही. परंतु स्नोसाहेबांनी स्वतः दिलेले कारण आम्हांला दंग्याहून अधिक बोलके वाटते. त्यांना धास्ती होती ती हलालखोरांची. त्या वेळच्या मुंबईतले बहुतेक संडास टोपलीचे होते. शहराचा मैला रोज माणसाच्या हाताने उचलला जाई आणि गाड्यांतून बाहेर नेला जाई. हे काम करणारी माणसे थोडी, एका समाजाची, आणि त्यांच्या जागी दुसरा कोणीही उभा राहणार नाही अशी जातीची कडेकोट व्यवस्था. ज्या व्यवस्थेने त्यांना तळाशी दडपून ठेवले, तिनेच त्यांच्या हाती अशी एक किल्ली दिली होती. १८८९ साली ह्या लोकांनी एकदा संप केलाही होता. आता सक्तीच्या भीतीने ते शहर सोडून गेले, तर आठवड्याभरात मुंबई राहण्याच्या लायकीची उरणार नाही, मग प्लेगचा बंदोबस्त कशाने करणार, हा कमिशनरांचा हिशेब होता. हा हिशेब त्यांनी लपविला नाही, ह्याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. लाखो लोकांच्या आरोग्याचा कायदा शेवटी टोपली उचलणाऱ्या काही हजार माणसांच्या मर्जीवर उभा होता, हे त्यातून दिसून येते.

हलालखोर राहिले, पण इतर लोक गेले. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत त्यांतली जवळजवळ निम्मी माणसे शहर सोडून गेली होती. कोकणची बोटीने, घाटावरची रेल्वेने, आणि ज्याला भाडे परवडत नव्हते तो पायी. गिरण्यांत साचे होते, कापूस होता, आणि साच्यावर उभा राहावयास माणूस नव्हता. मग जे घडले ते मुंबईच्या कामगारांच्या इतिहासात क्वचितच घडले असेल. एरवी गिरणीतला पगार महिन्याचा असे, आणि तोही पुढचा महिना बराचसा उलटल्यावर हाती पडे. म्हणजे कामगाराची काही आठवड्यांची कमाई मालकाकडे कायमची अडकलेली असे. निघून जाणाऱ्याला ती सोडूनच जावे लागे. प्लेगच्या त्या हिवाळ्यात मालक रोजच्या रोज रोख मजुरी देऊ लागले. नाक्यावर उभे राहून एका गिरणीचा माणूस कामगारांना एक भाव सांगे, आणि दुसऱ्या गिरणीचा त्यावर चढता भाव बोले. लिलावात माल उभा असतो तसे कामगार उभे होते, पण ह्या खेपेस मालच आपली किंमत ऐकत होता! साथ ओसरल्यावर मालकांनी महिन्याच्या पगाराची जुनी पद्धत पुन्हा आणली, तेव्हा काही गिरण्यांत त्यावरून संप झाले.

इथे २०२० सालची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्या वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्र शासनाने जो साथरोग कायदा लागू केला, तो हाच १८९७ चा कायदा होता. त्याही वेळी मुंबई-ठाण्याच्या रस्त्यांवरून कामगार गावाकडे चालत निघाले. परंतु १८९७ साली रेल्वे तपासणी करून का होईना चालू होती, आणि गेलेल्या कामगाराची वाट पाहणारे कोणीतरी गिरणीच्या दारात उभे होते. २०२० साली रेल्वे बंद होती, आणि नाशिकच्या रस्त्यावर चालणाऱ्या माणसाला परत बोलावण्यासाठी कोणी चढता भाव बोलत नव्हते.

त्या फेब्रुवारीत मुंबई सोडून न गेलेला एक माणूस आम्हांला विसरता येत नाही. नारायण मेघाजी लोखंडे. सत्यशोधक, ‘दीनबंधू’चे संपादक, १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार करणारे, आणि ज्यांच्या खटपटीने १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली ते. आज रविवारी आपण व्याख्यानाला येऊन बसतो, त्यात त्यांच्या कष्टांचा वाटा आहे. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते मुंबईत प्लेगनेच गेले. त्यानंतर बरोबर एक महिना आणि एक दिवसाने, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ माळावर रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथे आणले, आणि त्या स्वतः आजारी पडल्या. एका चळवळीची दोन माणसे एका महिन्यात गेली. सरकारी प्लेग कमिट्यांचे अहवाल जाडजूड आहेत. पण त्या काळात रोग्याला हात कोणी लावला, हा प्रश्न मनात ठेवून वाचावयाचे, तर ही दोन नावे आधी घ्यावी लागतात.

आता पुणे. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. कायदा अगदी लहान, चार कलमांचा. पण त्यात सरकारला वाटेल ते नियम करण्याची मुभा, आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध कोर्टात जाण्याची बंदी. त्याच सुमारास व्हेनिस येथे युरोपातल्या राष्ट्रांची आरोग्य परिषद भरत होती, आणि हिंदुस्थानच्या मालावर बंदी येईल की काय ही चिंता सरकारला होती. म्हणजे कडकपणा दाखविणे सरकारला भागच होते. प्रश्न एवढाच, की तो दाखवावयाचा कोठे?

मुंबईत मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी आली. झडत्या तिथेही झाल्या, माणसे तिथेही छावणीत गेली. परंतु गॅटेकरांनी जातीजातींच्या पुढाऱ्यांना बोलावून घेतले, ज्या-त्या समाजाला आपापली इस्पितळे काढू दिली, आणि तपासणीच्या वेळी त्या वस्तीतली वजनदार माणसे बरोबर घेतली. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड आले. साताऱ्याकडे असतानाच कडकपणाबद्दल त्यांचे नाव झालेले होते. १३ मार्चपासून सोजिरांच्या तुकड्या पेठांतून फिरू लागल्या. पहाटे गल्लीची दोन्ही तोंडे अडवावयाची, एकेक घर उघडून पाहावयाचे, आजारी दिसेल त्याला इस्पितळात आणि घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत धाडावयाचे, सामान बाहेर काढून जाळावयाचे, जमीन उकरावयाची. बायकांना रस्त्यावर उभे करून तपासल्याच्या, देवघरात बुटांनी शिरल्याच्या तक्रारी झाल्या. पंडिता रमाबाईंनी आपल्या आश्रमातल्या मुलीला इस्पितळात मिळालेल्या वागणुकीबद्दल उघड पत्र लिहिले. गव्हर्नरांनी ते नाकारले. विलायतेत असलेल्या गोखल्यांनी स्त्रियांवरील अत्याचारांची बातमी तिकडे दिली, आणि परत आल्यावर पुरावा उभा करता न आल्यामुळे त्यांना माफी मागावी लागली. ज्यांच्यावर बेतले त्यांतले कोणी पुढे येऊन साक्ष देईना, ह्याचे आम्हांला नवल वाटत नाही. गिरणीतल्या मुकादमाविरुद्ध साक्ष द्यावयास बाई सहज पुढे येत नाही, हे आम्ही जन्मभर पाहिले आहे; आणि तिथे तर समोर सरकार होते.

आता फरकाचे कारण. रँड दुष्ट आणि गॅटेकर सुष्ट, असे म्हणून मोकळे होता येईल. पण दोघेही एकाच सरकारचे नोकर होते, आणि दोघांच्या डोक्यावर लॉर्ड सँडहर्स्ट हे एकच गव्हर्नर होते. आमच्या समजुतीप्रमाणे खरा फरक शहरांत होता. मुंबई थांबली तर बंदर थांबे, गिरण्या थांबत, मालकांचे आणि सरकारचे दोघांचेही उत्पन्न थांबे. मुंबईच्या कामगाराला हाकलून लावणे कोणालाच परवडण्यासारखे नव्हते. पुण्याला एवढ्या गिरण्या नव्हत्या, बंदर नव्हते. पेशवाईचे जुने शहर. वतनदार, पेन्शनर, कारकून, विद्यार्थी, कारागीर. पुणेकरांनी शहर सोडले, आणि पुष्कळांनी ते सोडलेच, तर त्याने सरकारी तिजोरीत एक रुपयाही कमी पडत नव्हता. त्यातून लष्कर अगदी शेजारी होते, आणि पुण्याच्या वर्तमानपत्रांवर सरकारचा रोष होताच. कडकपणा जिथे स्वस्त पडत होता, तिथे तो दाखविला गेला. आमच्या ह्या म्हणण्यावर पुण्याचे इतिहासकार मित्र रागावतील. त्यांनी अवश्य रागवावे.

आणि इतके करून निष्पन्न काय झाले? मे महिन्यात पुण्याची साथ उतरली आणि सोजीर परत गेले. सरकारने ते आपले यश मानले. पण दख्खनच्या उन्हाळ्यात हा रोग आपोआपच मंदावतो, हे पुढच्या वर्षांत सर्वांना कळून चुकले. त्याच वर्षी पावसाळ्याअखेर प्लेग पुण्यात परत आला, आणि दुसऱ्या साथीत पहिलीपेक्षा पुष्कळ अधिक माणसे मेली. इकडे मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यातल्या मुसलमान विणकरांनी घरातल्या आजारी मुलीला नेण्यास विरोध केला, आणि त्यातून मोठा दंगा उसळला. त्यानंतर गोदी कामगारांनी आणि बैलगाडीवाल्यांनी काम थांबविले. हळूहळू सरकारने सक्तीच सोडून दिली. म्हणजे धडा अखेर मिळाला. पण तो मिळण्यासाठी बंदर बंद पडावे लागले.

सक्ती गेली, मग काय आले? लस आली. वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. तिची मोठी परीक्षा मात्र मुंबईत झाली नाही. ती झाली दमणला, पोर्तुगीजांच्या अमलाखाली. धाकट्या दमणात साथ भरात आलेली, आणि शहराभोवती पहारा बसलेला, त्यामुळे आत कोण आहे आणि बाहेर कोण गेले ह्याची मोजदाद पक्की. लस न घेतलेल्या ६,०३३ माणसांत १,४८२ मेली, म्हणजे चारांत एक. लस घेतलेल्या २,१९७ माणसांत ३६ मेली. हे आकडे आम्ही पहिल्यांदा वाचले तेव्हा लसीच्या गुणापेक्षा त्या पहाऱ्याचाच विचार अधिक आला. चारांतला एक मरतो आहे अशा गावातून ज्यांना बाहेर पडू दिले नाही, त्यांच्या कोंडीतून हे ज्ञान जगाला मिळाले. हुबळीला १८९८ साली सरकारने लष्कर न फिरवता टोचण्यावर भर दिला, आणि शहरातल्या बहुसंख्य लोकांनी टोचून घेतले. कलकत्त्यास त्याच वर्षी प्लेग शिरला, तेव्हा पुण्याचा अनुभव समोर असल्यामुळे बंगालच्या सरकारने आरंभापासून नरमाईचे धोरण ठेवले, तरी अफवांनी तिथेही दंगे झालेच. बंगळुरास हुबळीकडून रेल्वेने रोग गेला. म्हैसूर दरबारने शहराबाहेर बसवनगुडी आणि मल्लेश्वरम अशा मोकळ्या वस्त्या वाढविल्या. संस्थानाला माळरान हाताशी होते, आणि त्याचा उपयोग करण्याची बुद्धीही झाली.

पंजाबची कथा दुःखाची आहे. तिथल्या सरकारने लक्षावधी लोकांना टोचण्याचा बेत आखला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल गावी टोचलेल्या १०७ जणांपैकी, एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष बाटली उघडताना झाला की मुंबईच्या प्रयोगशाळेत, ह्याचा वाद पाच वर्षे चालला. १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले, पण तोवर लोकांचा विश्वास उडून गेला होता. त्याच १९०७ साली हिंदुस्थानात सुमारे तेरा लाख माणसे प्लेगने मेली, आणि त्यांतली निम्म्याच्या जवळपास एकट्या पंजाबातली होती.

येथवरचा फरक सरकारांच्या कारभाराचा झाला. दुसरा एक फरक कोणाच्याही कारभाराचा नव्हता, आणि तो कळावयास फार वर्षे लागली. मद्रास शहराला प्लेगने मोठासा हात कधी लावलाच नाही. मद्रास सरकारने बाहेरून येणाऱ्यांसाठी प्लेगचे पासपोर्ट काढले होते. साथीच्या गावाहून आलेल्या माणसाने दहा दिवस हजेरी द्यावयाची. मद्रास वाचले ते ह्या शिस्तीमुळे, असे सरकारला वाटे. ते वाटणे साहजिक होते. परंतु १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टराने दाखवून दिले, की हा रोग मेलेल्या उंदरावरून माणसावर उडी घेणाऱ्या पिसवेने पसरतो. त्या वेळी बड्या कमिशनने ते मानले नाही. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत आणि मुंबईच्या चाळींतून पुन्हा प्रयोग झाले तेव्हा मानावे लागले. पुढे कोलंबोला हर्स्ट यांच्या ध्यानात आले, की उंदरावरची पिसू सर्वत्र एका जातीची नसते. मुंबईच्या आणि पंजाबच्या उंदरांवर होती ती झेनोप्सिला चिओपिस, प्लेग पसरविण्यात पटाईत. मद्रासच्या उंदरांवर बहुतांशी होती तिची बहीण अस्टिया, त्या कामात मंद. त्याच मद्रास इलाख्यात बेल्लारी, सेलम, कोइमतूर अशा ठिकाणी चिओपिस होती, आणि तिथे पासपोर्ट असूनही प्लेग झाला. एका पिसवेमुळे एक शहर वाचले, आणि श्रेय पासपोर्टाच्या वहीत जमा झाले.

सिमाँच्या शोधाआधी आपल्या खेड्यातल्या माणसाला अर्धे शास्त्र ठाऊक होते, हेही सांगितले पाहिजे. घरात उंदीर पडू लागले, की घर सोडावयाचे आणि रानात झोपड्या घालून राहावयाचे, ही रीत देशावर गावोगावी रुळली. ‘उंदीर पडले’ एवढे दोन शब्द उच्चारले की गाव हलत असे. सरकारी डॉक्टरांनीही पुढे कबूल केले, की सोजीर, कार्बोलिक आणि छावण्या यांपेक्षा हा गावकऱ्यांचा उपाय गुणकारी होता. मात्र ज्याला रान होते आणि चार महिन्यांचे दाणे होते, त्याला तो उपाय सोपा. गावकुसाबाहेरच्याला आणि रोजंदारीवरच्याला त्या रानातही जागा मागावी लागे. आणि मुंबईच्या गिरणी कामगाराचे रान म्हणजे त्याचे रत्नागिरीचे किंवा साताऱ्याचे गाव. रोग आला की तो तिकडे जाई, आणि कधीकधी रोगही त्याच्या वळकटीतून तिकडे जाई.

मुंबईत सरकारने यापुढे घरांकडे मोर्चा वळविला. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्यांतून वारा खेळावा म्हणून रुंद रस्ते काढले गेले. सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट त्याच उद्योगातले. ट्रस्टने आग्रीपाड्याला आणि इतरत्र चाळी बांधल्या, त्या ‘बीआयटी चाळी’ म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. परंतु पाडलेल्या खोल्यांच्या मानाने बांधलेल्या खोल्या कित्येक वर्षे कमीच पडल्या. पाडलेल्या घरातले कुटुंब शेजारच्या न पाडलेल्या घरात जाऊन राही, आणि तिथली दाटी वाढे. १९१८ साली इन्फ्लुएन्झा आला तेव्हा ह्याची फळे दिसली. मुंबईत त्या साथीत युरोपियनांत हजारी सुमारे ८ माणसे मेली. ज्यांना सरकारी कागद खालच्या जातींचे हिंदू म्हणत, त्यांच्यात हजारी ६१ हून अधिक. एकच शहर, एकच हवा, एकच महिना.

आणि १९२१ चे आकडे तर आमच्या चळवळीत पाठ म्हणून सांगितले जात. त्या वर्षी मुंबईत एका खोलीत किंवा त्याहूनही कमी जागेत जन्मलेल्या हजार मुलांमागे ८२८ मुले वर्षाच्या आत मेली. दोन खोल्यांच्या घरात ३२२. तीन खोल्यांच्या घरात १९१. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरात १३३. सभेत हा आकडा सांगितला की मंडपात शांतता पसरे.

पण आकडा वापरावयाचा तर त्याची खोडही सांगितली पाहिजे. म्युनिसिपालिटीच्या लोकांनी तेव्हाच हरकत घेतली होती, की हा ८२८ चा आकडा फुगलेला आहे, आणि ती हरकत बरोबर होती. कामगाराची बायको बाळंतपणाला गावी जाई. मूल जन्मे ते संगमेश्वरला किंवा पाटणला, आणि त्याचा जन्म नोंदला गेलाच तर तो तिथल्या दप्तरात. दोन-तीन महिन्यांनी ती मूल घेऊन मुंबईच्या खोलीत येई, आणि मूल दगावले तर मृत्यू मुंबईच्या दप्तरात लागे. जन्म एका जिल्ह्यात, मरण दुसऱ्या जिल्ह्यात. भागाकाराला खालचा आकडाच अपुरा. आकडा फुगला तो असा. परंतु ही हरकत घेणाऱ्यांनी त्याच हिशेबाची दुसरी बाजू मांडली नाही, ती आम्ही मांडतो. गिरणीच्या कापसाने आणि ओलसर हवेने ज्याची छाती भरली, क्षयाने ज्याला साच्यावर उभे राहवेना, तो मोठा माणूस मुंबईत मरावयास थांबत नसे. मालक त्याला पोसणार नव्हता, खोलीतले सोबती फार दिवस पोसू शकत नव्हते. तो बोटीत बसून गावी जाई आणि तिथे मरे. त्याचे आयुष्य मुंबईत खर्च झाले, आणि त्याचे मरण रत्नागिरीच्या दप्तरात लागले. त्यामुळे मुंबईचे मोठ्या माणसांचे मृत्यूमान होते त्याहून चांगले दिसे, आणि कोकणाचे होते त्याहून वाईट. अमका जिल्हा रोगट आणि तमका निरोगी असे तक्ते आम्ही पाहतो, तेव्हा आधी बोटीचे आणि एस.टी.चे तिकीट शोधतो.

१९४८ साली कामगार राज्य विम्याचा कायदा झाला, आणि १९५४ पासून मुंबईच्या कामगाराला त्याचा दवाखाना मिळाला. पगारातून वर्गणी कापली जाऊ लागली, हाती कार्ड आले. ती योजना क्षेत्राक्षेत्राने, जिथे कारखाने तिथे आधी, अशी पसरत गेली. कामगाराचे आजारपण मात्र जुन्याच वाटेने जात राहिले. गावी जाऊन अंथरूण धरलेल्या साचेवाल्याच्या उशाखाली ते कार्ड असे, आणि ते जिथे चालेल असा दवाखाना घाटाच्या पलीकडे, दीडशे-दोनशे मैलांवर असे.